अ‍ॅडव्हर्ब क्लॉज शिकवून दाखव

मला बघायला आलेल्या मंडळींनी गाडीतून आधी फळा उतरवला.

पांढरा फळा. शाळेत भिंतीवर असतो तसाच, फक्त आकारानं लहान. ड्रायव्हरनं तो काखोटीला मारून आत आणला आणि कुठं ठेवू म्हणून विचारलं. आईला वाटलं, पाहुण्यांनी काहीतरी भेट आणलीय. तिनं लगबगीनं पदरानं टीव्हीचं टेबल पुसलं, टीव्ही बाजूला सरकवला, आणि तिथं फळा उभा राहिला. मी आतल्या खोलीत निऱ्या चापूनचोपून बसवत होते. दाराच्या फटीतून मला फळा दिसला. त्याच्यासमोर पाय पसरून बसलेले पाहुणे दिसले. एकानं मोजे काढून त्यांची गुंडाळी आमच्या गादीवर ठेवली होती. त्याच गादीवर मी रोज शिकवणीच्या पोरांना बसवते.

त्यांच्याबरोबर एक लहान मुलगी होती. मला वाटलं, तिचा खेळ असेल. तिला कंटाळा येऊ नये म्हणून आणला असेल फळा. लोकांबद्दल चांगलं समजायची मला तेव्हा सवय होती.

आमचं घर निरगुडसरचं. वडिलांचं मंचरला दुकान आहे, पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं. कांद्याच्या गाड्यांनी हायवे तुंबला की माणसं त्यांच्या दुकानात येऊन बसतात, चहा पितात. त्या बसण्याउठण्यातूनच हे स्थळ आलं. मी इंग्रजीत एम.ए. केलेलं, वर बी.एड. पण संस्थेत चिकटायचं तर आधी संस्थेलाच द्यावं लागतं, आणि ते आमच्याच्यानं होणारं नव्हतं. म्हणून घरीच शिकवणी घ्यायची. गावातली, आजूबाजूच्या वाड्यांवरची पोरं यायची. दुपारच्या उन्हात सायकल मारत येणारी पोरं व्याकरणाला हसतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मला दुसरं काही जमत नाही, पण हे जमतं. शिकवायला लागले की माझा आवाजसुद्धा बदलतो, असं आई म्हणते.

पाहुणे जुन्नर तालुक्यातले, बोरी बुद्रुकच्या बाजूचे. गावाचं नाव घेत नाही, त्या गावात माझ्या मैत्रिणी नांदतात. बारमाही पाणी, ऊस, पोल्ट्री, आणि आता रस्त्याला लागून इंग्रजी माध्यमाची स्वतःची शाळा. मुलाचे वडील संस्थेचे अध्यक्ष. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, मग आम्हीही अण्णाच म्हणायला लागलो. मध्यस्थ म्हणाला होता, पोरीला शाळेतच घेणार आहेत, कायमची. हे ऐकून मीच हो म्हटलं. मुलाचा फोटोही नीट बघितला नाही. खरं सांगते, मी त्या शाळेकडं बघून हो म्हटलं होतं. मला वर्ग पाहिजे होता. हजेरी घ्यायची, तास वाजायचा, लोकांनी बाई म्हणायचं, महिन्याला माझ्या नावावर पगार जमा व्हायचा. मला लग्नातून तेवढंच हवं होतं, आणि ते मागणं काही जास्त नव्हतं.

पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर आले. नाव विचारलं, सांगितलं. शिक्षण विचारलं, सांगितलं. मामाचं गाव कुठलं, भाऊ किती, हे सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं, तरी विचारलं. अण्णांच्या शेजारी त्यांचे मेहुणे बसले होते. कुठल्याशा शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, आता अण्णांची शाळा तेच बघतात. ते गाडीच्या किल्लीनं दात कोरत होते. कोरून झालं की किल्लीकडं बघायचे, आमच्या उशीच्या अभ्र्याला पुसायचे आणि परत कोरायचे.  त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि फळ्याकडं बोट केलं.

"अ‍ॅडव्हर्ब क्लॉज शिकवून दाखव. या पोरीला कळंल असं."

वडील हसले. त्यांना वाटलं, पाहुणे गमतीचे आहेत. दुसरं कुणी हसलं नाही, तसं त्यांचं हसू तोंडातच विरलं. ते माझ्याकडं बघायला लागले. आई दारात उभी. तिला अ‍ॅडव्हर्ब क्लॉज म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण पोरीला काहीतरी करून दाखवायला सांगताहेत एवढं तिला कळलं. शिवणकाम दाखव म्हणतात, भाकरी थापून दाखव म्हणतात, तसलंच काही असेल असं तिनं धरलं. तिनं मला मानेनं खुणावलं, कर.

ड्रायव्हरनं खिशातून मार्कर काढून दिला. म्हणजे तोही आठवणीनं आणला होता.

मुलगा इतका वेळ मान खाली घालून मोबाइलमध्ये होता. आता त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. मला विचारलं नाही, वडिलांना विचारलं नाही. घरी दादाला दाखवायला घेतो, एवढं अण्णांना म्हणाला. मंडईत टोमॅटोच्या क्रेटचा फोटो काढून व्यापाऱ्याला पाठवतात, तसा तो माझा व्हिडिओ काढत होता.

मी मार्कर हातात घेतला. घ्यायला नको होता का? तेव्हा हा प्रश्नच पडला नाही. समोर एक मुलगी बसली होती. सातवीतली, दोन वेण्या, पोह्यातले शेंगदाणे वेचून खाणारी. अण्णांची नात, थोरल्या मुलाची. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिला खरंच ते येत नव्हतं. मी तिच्यासाठी शिकवायला लागले.

मी फळ्यावर लिहिलं, द डॉग बार्क्ड. कुत्रा भुंकला. तिला विचारलं, हे वाक्य पुरं आहे का? आहे म्हणाली. यातलं क्रियापद कुठलं? बार्क्ड. बरोबर. आता या क्रियापदाच्या मागं लागायचं. बाहेर निघालेल्या पोराच्या मागं आई कशी लागते, कुठं चाललास, कधी येणार, कशाला जातोस? तसंच. कुत्रा भुंकला. कधी भुंकला? ती म्हणाली, रात्री. मी लिहिलं, अ‍ॅट नाइट. हेही 'कधी'चं उत्तर आहे, पण यात वाक्य नाही, नुसते शब्द आहेत. आता असं उत्तर दे, की ज्यात कुणीतरी काहीतरी करतंय.

ती लगेच म्हणाली, बिबट्या आला तेव्हा.

सगळे हसले, मीसुद्धा. आमच्याकडं पोरांना उदाहरण द्यायला बिबट्या लांबून आणावा लागत नाही. मी लिहिलं, व्हेन द लेपर्ड केम. यात बिबट्या हा कर्ता आहे, आला हे क्रियापद आहे, म्हणजे वाक्याचा सगळा ऐवज यात आहे. तरी हे एकटं म्हणून बघ. बिबट्या आला तेव्हा... ऐकणारा काय म्हणेल? ती म्हणाली, मग? मी म्हटलं, हेच. ऐकणाऱ्याला 'मग' म्हणावंसं वाटतं. कारण हे दुसऱ्या वाक्यातल्या क्रियापदाबद्दल सांगायला आलंय. याला अ‍ॅडव्हर्ब क्लॉज म्हणायचं.

मग आम्ही दोघी सुटलो. का भुंकला? बिकॉज इट वॉज अफ्रेड. कुठं भुंकला? व्हेअर द शुगरकेन एंड्स, जिथं ऊस संपतो तिथं. बांधलेला असूनही भुंकला? ऑल्दो इट वॉज टाइड. आणि अट असेल तर इफ. तू दार उघडलंस तर तो भुंकेल. ती म्हणाली, इफ यू विल ओपन द डोअर. मी तो विल पुसून टाकला. पुढं घडायचं असलं तरी इफच्या पोटात विल घालायचा नाही, तो बाहेरच्या वाक्यात ठेवायचा. व्हेनचंही तसंच. क्लॉज आधी आला तर मध्ये स्वल्पविराम, मागून आला तर बहुतेक वेळा नाही. आणि एक चूक आपली सगळ्यांची होते, कारण मराठीला जोडीची सवय. जेव्हा म्हटलं की तेव्हा, जरी म्हटलं की तरी. म्हणून आपली पोरं ऑल्दो लिहून पुढं परत बट लिहितात. इंग्रजीला एकच पुरतो. ती म्हणाली, म्हणजे इंग्रजी कंजूस आहे. मी म्हटलं, आहे.

ती खुदकन हसली, आणि मी कुठं उभी आहे ते पार विसरून गेले. साडी, पोहे, मोबाइल, किल्ली, सगळं विसरले. मला एवढंच दिसत होतं की हिला कळलं. मागून अण्णांचा आवाज आला तेव्हा मी भानावर आले. मी फळ्याकडं तोंड करून लिहीत होते, त्यांच्याकडं पाठ होती. ते वडिलांना विचारत होते, उंची किती म्हणाला होतात, मध्यस्थानं जरा जास्तच सांगितली का. हेडमास्तर म्हणाले, आता चालून दाखवायला नको, फळ्यापाशी येताजाता बघितलंय.

माझा हात तिथंच थांबला. मी इकडं क्लॉज समजावत होते, तिकडं ही माणसं माझी चाल तपासत होती. अंगावरून झुरळ गेल्यासारखं झालं. पदर ओढून घ्यावासा वाटला, पण त्यांच्यासमोर ओढला तर त्यांनाच कळेल की मला कळलं. म्हणून तशीच उभी राहिले.

"पास का?" अण्णांनी मेहुण्यांना विचारलं.

"पास. जूनपासून त्या बाईला नगं म्हणून सांगा. घरची असताना बाहेरची कशाला?"

हे त्यांनी माझ्यासमोर, माझ्या वडिलांसमोर म्हटलं. आवाज खाली घ्यावा असंही त्यांना वाटलं नाही. मला त्याचा अर्थ पुरता लागला नव्हता. उलट, किळस येते सांगायला, पण 'पास' ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. शाळेत पहिला नंबर आल्यावर वाटायचं तसं. ते बरं वाटणं मी अजून विसरले नाही. त्या माणसाच्या तोंडून आलेल्या शब्दानं मला बरं वाटलं होतं.

चहा टाकायला मी आत गेले. त्यांची थोरली सून माझ्यामागं आली, पाणी प्यायला. त्या मुलीची आई. बैठकीत तिला कुणी एक शब्द विचारला नव्हता. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, खडूनं पडतात तशा. मी विचारलं, ताई, तुम्ही पण शाळेत का? म्हणाली, गणित, पाचवी ते दहावी. बी.एस्सी. आहे. मला आनंद झाला. म्हटलं, दोघी मिळून जाऊ-येऊ. मग सहज, आपण बस कधी सुटते ते विचारतो तितक्या सहज, विचारलं की पगार हातात देतात का बँकेत.

ती पेला विसळत होती. विसळून पालथा घातला.

"पगार न्हाई. घरचीच शाळा हाय म्हणत्यात. पहाटं भाकरी करायच्या, मग शाळंत जायाचं. घरच्याला कोण पगार देतं?"

तिच्या आवाजात ना राग होता, ना रडणं. पाणी कधी येतं हे सांगावं तसं सांगितलं. त्यानंच मला भीती वाटली.  किती वर्गांची पोरं हिच्या हाताखालून गेली असतील. त्यांच्या आईबापांनी भरलेल्या फिया अण्णांकडं गेल्या, आणि हिला दवाखान्यात जायचं तर सासूकडं मागायचं. आणि ही बाई मला कुणी जगावेगळी दिसत नव्हती. दोन महिन्यांनी मी कशी दिसेन ते दिसत होतं.

सगळं एकदम जागेवर बसलं. हे सून बघायला आले नव्हते. ह्यांना इंग्रजीची बाई पाहिजे होती, आणि बाई ठेवायची म्हटलं की पगार द्यावा लागतो, सुट्ट्या द्याव्या लागतात, पटलं नाही तर ती सोडून जाते. सून सोडून जात नाही. थोरल्या मुलाला गणित करून आणलं, धाकट्याला इंग्रजी. वर मुलीच्या बापानं मांडव घालून द्यायचा, जेवणावळी उठवायच्या, मानपान करायचा. नोकरीला माणूस ठेवतात तर निदान त्याच्याकडून लग्नाचा खर्च घेत नाहीत. मी वर्गाच्या आशेनं हो म्हटलं होतं, आणि नेमकं त्या आशेलाच ह्यांनी गळ लावला होता. मला शिकवायला आवडतं हे त्यांना पोह्यांच्या आधीपासून माहीत होतं. आवडतंय ना, मग फुकट कर.

चहा घेऊन बाहेर आले तर सुपारीची बोलणी चालू होती. अण्णा म्हणत होते, निरोपाबिरोपाची वाट कशाला बघायची, आजच फोडून टाकू. वडिलांचा चेहरा उजळलेला. त्यांनी मला डोळ्यांनी सांगितलं, पाया पड. आमच्याकडं मुलीनं बघायला आलेल्या सगळ्यांच्या पाया पडायची रीत आहे. आणि दुसरी रीत अशी की मुलीनं काही विचारायचं नाही. विचारतात ते पाहुणे. होकार-नकार कळवतात तेही पाहुणेच, दोन दिवसांनी फोन करून. मुलीकडच्यांनी फोनकडं बघत बसायचं.

मी वाकले नाही. ट्रे खाली ठेवला आणि विचारलं.

"मला शाळेत पगार किती देणार?"

 आईनं मागून माझ्या पाठीला हात लावला, गप म्हणून. अण्णांना राग आला नाही. ते हसले. मोठ्या मनानं, लहान पोराच्या बोलण्याला हसावं तसं. म्हणाले, अगं, सगळी शाळा तुझीच, मालकीण कुठं पगार मागती व्हय. वडीलही हसले. मुलगाही हसला. मी विचारलं, थोरल्या ताई पण मालकीण आहेत का? मग कुणी हसलं नाही. थोरली सून भिंतीकडं बघत होती. तिची मुलगी माझ्याकडं.

हेडमास्तर वडिलांना म्हणाले, "लई शिकवलं का असं व्हतं, पावणं."

मी म्हटलं, "मला हे लग्न करायचं नाही. आणि तो व्हिडिओ पुसा."

इतकंच. मोठं भाषण मला येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्या किल्लीनं दात कोरणाऱ्या माणसापुढं मी ते वाया घालवलं नसतं. मुलानं अण्णांकडं बघितलं. मुलगी नाही म्हणतेय तर मुलीकडं बघावं, हेही त्याला सुचलं नाही. मग मोबाइलवर बोट फिरवून म्हणाला, पुसला. ते उठले. मोजे चढवले. ड्रायव्हर फळा घ्यायला आला. फळ्यावरचं सगळं तसंच होतं, त्यानं ते आमच्या दाराच्या पडद्यानं पुसलं. पडद्यावर काळे डाग पडले. आईनं तो पडदा नंतर कितीदा धुतला, डाग गेले नाहीत, मग तिनं तो फाडून पायपुसणं केलं.

आणि वडील? वडील गाडीपर्यंत हात जोडत गेले. पोर खुळी आहे, मनावर घेऊ नका, असं म्हणत. मी खिडकीतून बघत होते. जळालेल्या मोटारीकडं एक नजर टाकून कुठं काय बिघडलंय ते सांगणारा माणूस. त्याला गाडीच्या काचेपुढं वाकून बोलताना बघणं मला त्या पाहुण्यांपेक्षा जड गेलं. पण तेव्हाही मी म्हणाले नाही की चुकलं. परत येऊन ते एवढंच बोलले की मंचरला आता तोंड कसं दाखवू. दुकानात बसणारी माणसं सगळी त्यांच्याच ओळखीची. मला वडिलांची दया आली, आणि त्या दयेचाही राग आला. अपमान माझा झाला होता, आणि तोंड लपवायची पाळी त्यांना स्वतःवर आल्यासारखी वाटत होती.

पुढं व्हायचं ते झालं. भावकीत बभ्रा झाला. पोरीनं पाहुण्यांना पगार विचारला. कुणी म्हणालं, हिचं बाहेर काहीतरी असणार, त्याशिवाय एवढं तोंड येत नाही. एका चुलतीनं आईला सल्ला दिला, शिकवणी बंद करा, पोरीला घरात घाला. मध्यस्थ आमच्या दारावरून जाताना मान फिरवायला लागला. आई माझ्याशी बोलायची ती फक्त कामापुरतं. मी शिकवणी चालू ठेवली. एवढंच माझ्या हातात होतं, ते मी सोडलं नाही.

मग एके दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. ती सातवीतली मुलगी होती, आईच्या मोबाइलवरून बोलत होती. नंबर तिच्या आईनं मध्यस्थाकडून मिळवलेला. म्हणाली, मॅडम, अनलेस कसं करायचं? तुमच्या व्हिडिओत अनलेस नाहीये.

मी विचारलं, कुठला व्हिडिओ?

तिनं निरागसपणे सांगितलं. काकांनी घेतला होता तो. हेडसर तो वर्गात दाखवतात, मोठ्या टीव्हीवर. आधी तिच्या वर्गाला दाखवला, मग दहावीला. सगळ्यांना कळला. आता इंग्रजीला बाई नाहीत ना, त्या गेल्या.

 त्यांना सून मिळाली नव्हती, तास मात्र मिळाला होता. साडीतली मी, पाठमोरी मी, फळ्यावर कुत्रा आणि बिबट्या लिहिणारी मी रोज त्या माणसाच्या शाळेत राबत होते, आणि त्याच्यासाठी त्या दुसऱ्या बाईची नोकरी गेली होती. माझं उष्टं कुणी उचलून नेऊन चाटत बसावं, तशी घाण वाटली. मुलाला फोन केला. त्यानं उचलला नाही. अण्णांना केला. ते म्हणाले, पोरांचं भलं व्हतंय त्यात, विद्येचं दान असतं. मी म्हटलं, दान देणारा देतो, तुम्ही चोरलंय. त्यांनी फोन ठेवला. पुढं मी पोलीस चौकीत लेखी तक्रार केली. पुष्कळ हेलपाटे घातल्यावर तो व्हिडिओ बंद झाला, असं शाळेवाले म्हणतात. मी त्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवत नाही.

त्या मुलीला मात्र मी अनलेस समजावला. तिचा काय दोष? अनलेसच्या पोटातच 'नाही' दडलेलं असतं, परत नॉट घालायचं नाही, एवढं सांगितलं. समजलं म्हणाली. मग फोन तिच्या आईनं घेतला. थोरल्या सुनेनं. इकडचं तिकडचं काही बोलली नाही. म्हणाली, धाकट्याला आता सायन्सची बघत्यात. तुमच्या आंबेगाव तालुक्यातलीच हाय, येत्या रविवारी जाणार. गावाचं नाव सांगितलं, घराची खूण सांगितली, आणि फोन ठेवला. तिनं हे मला का सांगितलं ते तिला विचारायची गरज नव्हती. जे तिला स्वतःला करता येत नव्हतं ते ती माझ्याकडून करून घेत होती.

शनिवारी मी गाडीवरून त्या गावाला गेले. घर सापडलं. अंगणात सडा-सारवण चाललेलं, नव्या चादरी वाळत घातलेल्या. मुलीच्या आईला मी कोण ते सांगितलं. ते ऐकताच तिचा चेहरा बदलला. आमच्याकडच्या बातम्या माझ्या आधी पोहोचतात.

"तुझं मोडलं म्हून आमचं मोडाया आलीस का?"

बसा म्हणाली नाही, पाणी दिलं नाही. मी अंगणातच उभी राहून सगळं सांगितलं. फळा, व्हिडिओ, गणिताची सून, काढून टाकलेली बाई. तिला ऐकायचं नव्हतं. ती मधेमधे बोलत होती, चांगल्या घराण्याला नावं ठेवत्यात, जळत्यात. मुलगी आतून आली. ओल्या हातांची, माझ्यापेक्षा लहान. दारात उभी राहून तिनं मला एकच विचारलं, पगार खरंच देत नाहीत का. मी म्हटलं, नाही देत, उद्या तू स्वतः विचार, सगळ्यांसमोर विचार. तिच्या आईनं तिला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं.

तिनं विचारलं नाही. किंवा विचारलं असेल आणि ते हसले असतील. रविवारी सुपारी फुटली, उन्हाळ्यात लग्न झालं. आता ती तिथं सायन्स शिकवते.

घरी वडील म्हणाले, काय मिळालं तुला? तोंड काळं करून आलीस फुकटचं. मला काहीच मिळालं नाही, हे त्यांचं खरं आहे. पण थोरल्या सुनेकडून कळलंय, अण्णांच्या पुतण्याचं लग्न व्हायचंय, आणि त्यांच्या शाळेत हिंदीची जागा रिकामी आहे. ते गाडी काढणार, हिंदीत बी.ए. झालेली कुणाची तरी पोर शोधणार, तिच्या घरी पोहे खाणार. मी त्यांच्या आधी तिथं जाणार आहे. तिची आई मला शिव्या देईल, देऊ दे. बसायला सांगणार नाही, मी उभी राहीन. दार लावलं तर दाराबाहेरून बोलेन, आत मुलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि त्यानंतरच्या घरी जाईन, आणि त्याच्या पुढच्या. ह्यांना फुकटची बाई पाहिजे असेल तोवर ह्यांच्या प्रत्येक सोयरिकीच्या आदल्या दिवशी मी त्या अंगणात असेन.